आधी कुंडी तपासा, मग औषध आणा: कोल्हापुरातल्या घरबागेच्या नेहमीच्या तक्रारी

काळी माती उसाला मानवते, कुंडीत मात्र तीच माती झाडाचा गळा दाबते. कोल्हापुरात घरबाग लावणारा बहुधा शेतातून किंवा ओळखीच्या बांधावरून एक-दोन पोती माती आणतो, त्यात शेणखत मिसळतो आणि कुंड्या भरतो. पहिले दोन महिने सगळं झकास चालतं. पुढे पानं पिवळी पडायला लागतात, कळ्या गळतात, मग कृषी सेवा केंद्रात जाऊन "पानं पिवळी पडलीत, कायतरी द्या" असं होतं. कायतरी मिळतंही. पण दुखणं मुळाशी असेल तर पानावरच्या फवारणीचे पैसे पाण्यात जातात. म्हणून सुरुवात मातीपासून.

काळ्या मातीतली चिकणमाती ओली झाली की फुगते आणि सुकली की आक्रसते. शेतात तिला खाली मीटर-दोन मीटर जागा असते. बारा इंची कुंडीत ती फुगते तेव्हा हवेच्या पोकळ्या बंद होतात आणि मुळं गुदमरतात. सुकते तेव्हा मातीचा गड्डा कुंडीच्या भिंतीपासून सुटतो. वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खालच्या बशीत उतरतं आणि आपल्याला वाटतं, पाणी भरपूर झालं. मधला गड्डा मात्र कोरडा ठणठणीत राहतो.

मिश्रण असं करा, घमेल्याच्या मापानं: पन्हाळा-जोतिबाकडची किंवा राधानगरी भागातली लाल माती तीन घमेली, पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत दोन, भिजवून धुतलेलं कोकोपीट दोन, भाताचं तूस एक, जाड वाळू एक. वर निंबोळी पेंड दोन मुठी. काळ्या मातीशिवाय पर्याय नसेल तर ती दोनच घमेली घ्या आणि वाळू-तूस प्रत्येकी दोन करा. क्रश सँड वापरत असाल तर चाळून तिची भुकटी काढून टाका, नाहीतर ती भुकटीच पोकळ्या बुजवते. कच्चं तूस कुजताना नत्र ओढून घेतं, म्हणून दोन घमेल्यांच्या वर नको. कोकोपीटची विटही तशीच वापरू नका. तिच्यात क्षार असतात. पाण्यात फुगवा, पिळा, पाणी फेका, असं दोन-तीनदा केल्यावरच मिसळा.

मिश्रण जमलं का ते मुठीत कळतं. ओलसर माती मुठीत दाबा. गोळा व्हायला हवा, पण बोटानं टोचल्यावर फुटायला हवा. टोचूनही तसाच राहिला तर वाळू आणि तूस वाढवा.

कुंडीच्या तळाला खडीचा थर घातला की निचरा चांगला होतो, असं पिढ्यानपिढ्या सांगतात. होतं उलटं. बारीक मातीतलं पाणी जाड खडीत सहज उतरत नाही. ते खडीच्या वर, मातीतच अडून बसतं आणि मुळांना मिळणारी हवेशीर जागा तेवढी कमी होते. भोकावर एक खापरीचा तुकडा उपडा ठेवा किंवा शेडनेटचा चौकोन टाका. बास.

पाणी: किती घालायचं ते घड्याळ ठरवत नाही

"रोज सकाळी तांब्याभर" हा हिशेब कुंडीला लागू पडत नाही. तर्जनी दोन पेरं मातीत घाला. आत गार ओल लागली तर पाणी नको. कोरडं लागलं तर तळातून पाणी निथळेपर्यंत घाला, आणि अर्ध्या तासानं बशीतलं पाणी ओतून द्या. थोडं थोडं रोज घालण्यानं वरचा इंचभरच भिजतो, मुळं वरच राहतात आणि एप्रिलच्या उन्हात भाजतात. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, म्हणजे मातीत ओलही आहे आणि हवाही, तीच अवस्था कुंडीत हवी.

माती भिंतीपासून सुटली असेल तर वरून कितीही ओता, उपयोग नाही. कुंडी मोठ्या बादलीत किंवा टपात मातीच्या पातळीपर्यंत बुडवा. बुडबुडे येत राहतील. ते थांबले की काढा आणि निथळू द्या. मोठी कुंडी उचलत नसेल तर सळीनं पाच-सहा ठिकाणी खोल भोकं पाडा आणि अर्ध्या अर्ध्या तासानं तीनदा थोडं थोडं पाणी द्या.

बोअरचं पाणी वापरणाऱ्यांच्या कुंड्यांना काठाशी पांढरा थर धरतो. तो क्षारांचा. पानांच्या कडा तपकिरी होऊन सुकत असतील तर कारण बहुधा हेच. वरचा अर्धा इंच थर खरवडून टाका आणि कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट गोडं पाणी हळूहळू घालून सगळं खालून वाहू द्या. पावसाळ्यात हे काम पाऊस फुकट करतो. उन्हाळ्यात महिन्यातून एकदा आपण करायचं.

पिवळं पान: कुठलं पिवळं, ते आधी बघा

खालची जुनी पानं सगळीच्या सगळी फिकट पिवळी होत असतील तर नत्र कमी पडलंय. १९:१९:१९ हे विद्राव्य खत दोन-तीन ग्रॅम प्रति लिटर पंधरा दिवसांनी द्या, किंवा बारा इंची कुंडीला दोन मुठी गांडूळखत.

शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्यागार असतील तर लोह कमी. इथल्या काळ्या मातीत आणि बोअरच्या पाण्यात चुना असतो. त्यामुळे लोह मातीत असूनही मुळांना उचलता येत नाही. लिंबू, गुलाब आणि जास्वंदीवर हे सर्रास दिसतं. फेरस सल्फेट पाच ग्रॅम प्रति लिटर, त्यात अर्ध्या लिंबाचा रस, असं संध्याकाळी पानांवर फवारा. आठ दिवसांनी परत. मातीतून द्यायचं असेल तर चिलेटेड लोह मागा. आमच्याकडच्या चुनखडी मातीत 'ईडीडीएचए' प्रकारचं टिकतं, 'ईडीटीए' लवकर निकामी होतं. किंमत जास्त असते, पण चिमटीभर पुरतं.

जुन्या पानांच्या शिरांमधला भाग पिवळा आणि कडा आधी पिवळ्या झाल्या तर मॅग्नेशियम. एप्सम सॉल्ट पाच ग्रॅम लिटरला, फवारणीतून.

आणि माती ओली असूनही पानं पिवळी, मलूल, हात लावताच गळणारी? खत अजिबात देऊ नका. मुळं कुजत आहेत. झाड काढून मुळं बघा. पांढरी, टणक असतील ती चांगली. काळी, मऊ आणि साल सुटणारी असतील ती कापा, फांद्याही तेवढ्याच छाटा आणि नव्या मिश्रणात, शक्यतो लहान कुंडीत लावा.

हुमणी: शेणखतातून घरात येणारा पाहुणा

उसाच्या शिवारातलं हे दुखणं कुंडीतही येतं आणि ओळखायला उशीर होतो. लक्षण ठरलेलं आहे: माती ओली, किडा कुठे दिसत नाही, तरी झाड दुपारी माना टाकतं आणि संध्याकाळीही सावरत नाही. हलकंसं ओढलं तर सहज वर येतं, मुळं जवळजवळ शिल्लकच नसतात. माती पसरली की पांढरट, तपकिरी डोक्याची, अर्धगोल वळलेली अळी सापडते.

ती येते दोन वाटांनी. वळवाच्या पावसानंतर, मे-जूनमध्ये संध्याकाळी हुमणीचे भुंगेरे बाहेर पडतात, कडुनिंब-बाभळीवर बसतात आणि मातीत अंडी घालतात. दुसरी वाट आपण स्वतः उघडतो: अर्धवट कुजलेलं शेणखत. खत हातात घेतल्यावर गरम लागत असेल, शेणाचा वास येत असेल, गवताच्या काड्या ओळखू येत असतील तर ते अजून तयार नाही. ओल टिकवून, ताडपत्री टाकून दोन-तीन महिने ठेवा, महिन्यातून एकदा वरखाली करा आणि वापरण्याआधी चाळा.

खताच्या ढिगातली प्रत्येक पांढरी अळी मात्र शत्रू नसते. फरक बघायचा असेल तर अळी सपाट फरशीवर ठेवा. काही अळ्या उताण्या होऊन, पाठीवर सरकत निघतात. त्या फुलभुंग्याच्या, त्या कुजलेला पाला खातात आणि खत करायला मदतच करतात. कुशीवर पडून वळवळणारी किंवा पोटाकडच्या पायांनी रांगायला बघणारी अळी मात्र कुंडीत ठेवू नका.

एका कुंडीत सापडली की शेजारच्या सगळ्या कुंड्या तपासा. माती चाळा, अळ्या वेचून साबणाच्या पाण्यात टाका, झाड नव्या मातीत लावून मूठभर निंबोळी पेंड मिसळा. मेटारायझियम ही मित्रबुरशी दहा ग्रॅम प्रति लिटर पाण्यात कालवून ओल्या मातीत ओतली तर उरलेल्या अळ्यांना गाठते. पण तिला दोन-तीन आठवडे लागतात आणि त्याच काळात रासायनिक बुरशीनाशक ओतलं तर ती स्वतःच मरते.

फेब्रुवारी ते मे

हा लाल कोळ्याचा हंगाम. पानं निस्तेज, वरून सुई टोचल्यासारखे फिकट ठिपके, पुढे शेंड्याला बारीक जाळी. पांढरा कागद पानाखाली धरून फांदीवर टिचकी मारा. कागदावर धुळीचे कण पडतील. त्यातले काही चालायला लागले, तर कोळी.

कोळी हा कीटक नव्हे, त्यामुळे माव्यासाठी आणलेलं कीटकनाशक त्याच्यावर चालत नाही. उलट इमिडाक्लोप्रिडसारखं औषध मारल्यावर कोळी वाढल्याचं अनेकदा दिसतं, कारण त्याला खाणारे मित्रकीटक आधी जातात. कोरड्या हवेत तो फोफावतो, म्हणून पहिला उपाय पाणी: सलग तीन दिवस सकाळी नळीनं पानांची खालची बाजू जोरात धुवा. त्यानंतरही राहिला तर पाण्यात विरघळणारं गंधक दोन ग्रॅम प्रति लिटर, सूर्य उतरल्यावर. पारा ३५ च्या पुढे असेल तर गंधकानं पानं भाजतात. निंबोळी तेल मारल्यावर दोन आठवडे गंधक नको आणि गंधकानंतर दोन आठवडे तेल नको.

पिठ्या ढेकूण जास्वंदीवर हटकून येतो. शेंडा आखडून गोळा झाला, पानं मुरडली की तो शेंडा चार बोटं खालून कापा, पिशवीत बांधा आणि कचऱ्यात द्या. कंपोस्टमध्ये टाकू नका. फांद्यांवरचा कापसासारखा पांढरा थर जुन्या टूथब्रशनं साबणाच्या पाण्यात घासून काढा. मग मुंग्या बघा. पिठ्या गोड चिकट रस सोडतो, मुंग्या तो चाटतात आणि बदल्यात त्याला राखतात, एका झाडावरून दुसऱ्यावर नेऊनही सोडतात. कुंडी विटांवर ठेवा, विटा पाण्याच्या थाळीत. खोड जाड असेल तर त्यावर पट्टी गुंडाळून तिच्यावर ग्रीस लावा, थेट सालीवर नको. मुंग्यांची ये-जा चालू राहिली तर पिठ्या परत येणार.

उन्हाळ्यात मातीवर उसाच्या पाचटाचे तुकडे दोन इंच पसरा. आपल्याकडे पाचटाला तोटा नाही आणि पाण्याची बचत डोळ्यांना दिसते. खोडाभोवती दोन बोटं जागा मोकळी सोडा. पावसाळा लागला की पाचट काढायचं, कारण त्याखाली गोगलगायी घर करतात.

पावसाळा

जूनच्या पहिल्या आठवड्यात तीन कामं: सगळ्या बश्या उचला, कुंड्या विटांवर चढवा, तळाची भोकं सळीनं मोकळी करा. इथला पाऊस लागला की आठ आठ दिवस उघडीप मिळत नाही, तेव्हा ही कामं होत नाहीत.

खोड मातीलगत मऊ पडलं आणि तिथं पांढरी बुरशी, तिच्यात मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले तर ती खोडकूज. ते झाड मातीसकट काढून टाका. ते दाणे मातीत वर्षानुवर्षं टिकतात, म्हणून ती माती दुसऱ्या कुंडीत वापरू नका. बाकीच्या कुंड्यांना ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी: पाच किलो शेणखतात ५० ग्रॅम मिसळून, ओलसर ठेवून, आठवडाभर सावलीत झाका आणि मग कुंडीला दोन-दोन मुठी द्या. ताम्रयुक्त बुरशीनाशकाबरोबर नको.

गोगलगायींना गूळ आवडतो, आणि गुळाची कमतरता असायला आपण काही कोल्हापूरबाहेर राहत नाही. पाण्यात गूळ कालवून गोणपाट भिजवा, संध्याकाळी कुंड्यांच्या मध्ये पसरा, सकाळी उलटा. खाली जमलेल्या गोगलगायी चिमट्यानं किंवा हातमोजे घालून उचला आणि मिठाच्या दाट पाण्यात टाका. उघड्या हातानं उचलू नका, त्यांच्यात माणसाला बाधणारे परजीवी असू शकतात. मीठ कुंडीत किंवा अंगणातल्या मातीवर कधीच टाकू नका.

झाडागणिक थोडं

तुळस बहुतेक वेळा भक्तीनंच मरते. सिमेंटच्या वृंदावनाला तळाशी भोक नसतं, रोज तांब्याभर पाणी पडतं, वर दूध, हळद-कुंकू. भोक नसेल तर ड्रिलनं पाडून घ्या, किंवा आत भोकाची प्लास्टिक कुंडी विटेवर ठेवा. पूजेचं पाणी चमचाभर घाला, बाकीचं माती बघून. वृंदावन नवं असेल तर आठ-दहा दिवस पाणी भरून, बदलून, सिमेंटचा चुना उतरू द्या. मंजिऱ्या हिरव्या असतानाच खुडा. पानांखाली काळे ठिपके आणि पानं आक्रसलेली दिसली तर तो तुळशीवरचा बारीक ढेकूण. शेंडे खुडा, निंबोळी तेल मारा आणि आठवडाभर ती पानं काढ्यात घालू नका. दीड-दोन वर्षांत खोड लाकडी होतं, तेव्हा नवं रोप तयार ठेवायचं.

मोगरा फुलत नसेल तर त्याला सहा तास ऊन मिळतंय का ते बघा. मिळत असेल तर जानेवारीत आठ-दहा दिवस पाणी तोडा, फांद्या एक तृतीयांश छाटा, जुनी पानं ओरबाडून काढा, मग शेणखत आणि पाणी सुरू करा. कळ्या नव्या फुटव्यावर येतात. नत्राचं खत जास्त झालं की मोगरा नुसता पाल्यावर येतो.

गुलाबाची छाटणी ऑक्टोबरमध्ये, पाऊस पूर्ण थांबल्यावर. डोळा बाहेरच्या दिशेला बघत असेल त्याच्या पाव इंच वर, तिरका काप. फांदी वरून काळी पडत खाली येत असेल तर आतला गाभा पांढरा दिसेपर्यंत कापत या, मग कॉपर ऑक्सिक्लोराइडची पाण्यात कालवलेली दाट पेस्ट लावा. कलमाच्या गाठीखालून जोमदार फांदी आली तर खूश होऊ नका. ती खुंटाची, म्हणजे ज्यावर कलम बांधलं त्या झाडाची, तिला आपल्याला हवं ते फूल येत नाही. मुळापासून उपटा.

लिंबाच्या कोवळ्या पानावर चांदीसारखी नागमोडी रेघ असेल तर नागअळी. पान आखडल्यावर फवारणीला अर्थ नाही, ती आत बसलेली असते. नवी पालवी अर्धा इंच असताना निंबोळी तेल मारायचं, आठवड्यानं पुन्हा. लिंबावर आणि कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी असेल तर ती फुलपाखराची. हातानं उचला, औषध कशाला. थंडीत कढीपत्ता पानं गाळतो आणि वाढ थांबवतो, ते नैसर्गिक आहे.

मिरचीचं पान वरच्या बाजूला वळलं तर फुलकिडे, खालच्या बाजूला वळलं तर कोळी. वळण बघितल्याशिवाय औषध आणू नका. फुलकिड्यांना निळे, पांढऱ्या माशीला पिवळे चिकट सापळे. टोमॅटोचा तळ काळा पडला तर बहुतेक वेळा पाण्याची अनियमितता असते, मातीत चुन्याची कमतरता नव्हे.

घरातलं काय चालतं, काय नाही

चहाचा चोथा साखर-दूध धुऊन, वाळवून मगच. अंड्याची टरफलं महिनोन्‌महिने विरघळत नाहीत. टाकायची तर मिक्सरमधून भुकटी करून. चुलीची किंवा गुऱ्हाळाची राख काळ्या मातीत नको, माती आणखी विम्ल (आम्लाच्या उलट) होते आणि वर सांगितलेली लोहाची तक्रार वाढते. ताकाचा लोकांना भलता विश्वास आहे. एकास दहा पाणी करून महिन्यातून एकदा दिलं तर नुकसान नाही, यापेक्षा जास्त अपेक्षा ठेवू नका. साखर कारखान्याची मळी (प्रेसमड) चांगलं खत आहे, पण ताजी मळी कुजताना तापते आणि मुळं भाजते. तीन महिने कुजवूनच वापरा.

पुराचं पाणी शिरलं तर

२०१९ आणि २०२१ नंतर पंचगंगेकाठच्या घरांना हा प्रश्न नवीन नाही. पाणी उतरलं की गाळ सुकायच्या आत पानं नळीनं धुवा, सुकल्यावर तो निघत नाही. कुंडीवरचा गाळाचा थर खरवडा, नाहीतर आत हवा जात नाही. आठ दिवस खत बंद. कोथिंबीर, पालक, मेथी असं पाण्यात बुडालेलं काहीही खाऊ नका, त्या पाण्यात सांडपाणी असतं. काढून टाका आणि नव्या मातीत पेरा.

निंबोळी तेलाची फवारणी नीट कशी करायची

लिटरभर पाण्याला तेल पाच मिली, भांड्याचा पातळ साबण एक मिली. आधी पेलाभर कोमट पाण्यात साबण ढवळा, त्यात तेल थेंब थेंब घालत हलवा, दुधाळ झालं की बाकीचं पाणी. वर तेल तरंगत असेल तर ते झाडावर टाकू नका, पानं करपतात. आधी एका फांदीवर मारून एक दिवस थांबा. मग संध्याकाळी, झाडाला पाणी दिलेलं असताना, पानांच्या खालून. सहा-सात दिवसांच्या अंतरानं तीनदा, कारण तेल अंड्यांना फारसं लागत नाही आणि पिल्लं नंतर निघतात. केलेलं द्रावण त्याच दिवशी संपवा. पंप शेजाऱ्याकडून आणणार असाल तर त्यातून तणनाशक मारलंय का ते विचारा. मारलं असेल तर धुऊनही तो बागेत वापरू नका. दोनशे रुपयांची हातपिचकारी वेगळी घ्या आणि तिच्यावर मार्करनं "बाग" लिहून ठेवा.